तिकिटांच्या हिशेबात न मावणारी रेल्वे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमधील स्टॉकटन–डार्लिंग्टन लोहमार्गाला 27 सप्टेंबर 2025 रोजी दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. जॉर्ज स्टीफन्सन यांचे इंजिन, 1830 चा लिव्हरपूल–मँचेस्टर मार्ग, गावोगावची वेगवेगळी घड्याळे लंडनच्या वेळेशी कशी जुळवली गेली, हा सारा भाग चांगला उतरला आहे. मात्र अखेरीस लेखकाने ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख बीचिंग यांच्या, तोट्यातले मार्ग बंद करा असे सांगणाऱ्या 1963 च्या अहवालाला व्यवहारी शहाणपणाचा नमुना ठरवून आपल्याकडील तोट्यातल्या शाखामार्गांनाही तोच न्याय लावावा, असे सुचवले आहे. हे सुचवताना ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासातील एक मोठा भाग लेखातून निसटला आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवातीच्या रेल्वे कंपन्यांना गरीब प्रवासी नकोच होता. त्याला बसवले जाई ते मालगाडीला जोडलेल्या, ठेंगण्या कठड्यांच्या उघड्या डब्यांत. 24 डिसेंबर 1841 च्या पहाटे लंडनहून निघालेली अशीच एक गाडी रेडिंगजवळ सॉनिंगच्या खिंडीत पावसाने घसरलेल्या दरडीवर आदळली आणि डब्यांतून बाहेर फेकले गेलेले आठ जण जागीच ठार झाले. त्या गाडीतले बरेच प्रवासी पार्लमेंटची नवी इमारत बांधणारे पाथरवट होते आणि नाताळासाठी घरी निघाले होते. पुढे 1844 मध्ये, सरकारच्या व्यापार मंडळाचे अध्यक्ष असलेल्या ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने जो कायदा झाला, त्याने नव्या कंपन्यांवर बंधन घातले: प्रत्येक मार्गावर दररोज दोन्ही दिशांनी निदान एक गाडी अशी सोडावी की, जी सर्व स्थानकांवर थांबेल, थांबे धरून ताशी किमान 12 मैल वेगाने जाईल, जिच्या डब्यांना छप्पर आणि बसायला जागा असेल आणि जिचे भाडे मैलाला एक पेनीहून अधिक नसेल. खासगी भांडवलावर चालणाऱ्या धंद्याला संसदेने त्या काळात घातलेली ही अट मला कोणत्याही इंजिनापेक्षा मोठी वाटते, कारण मजुराचा प्रवास हा कंपनीच्या मर्जीचा विषय नाही, हे तिथे प्रथमच कायद्यात आले.

त्याचे परिणाम खोलवर गेले. 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनाला सुमारे साठ लाख भेटी नोंदल्या गेल्या, त्यांत स्वस्त सहलगाड्यांनी आलेले कामगार मोठ्या संख्येने होते. लँकेशायरच्या गिरण्यांतील कुटुंबे वार्षिक सुटीत ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊ लागली. 1872 मध्ये मिडलँड रेल्वेने तिसऱ्या वर्गाचा प्रवासी आपल्या सर्व गाड्यांत घेण्यास सुरुवात केली आणि तीन वर्षांनी दुसरा वर्गच रद्द केला.

आता बीचिंग यांच्याविषयी. रेल्वे तोट्यात होती, यात शंका नाही, आणि 1840 च्या दशकातील सट्टेबाजीत एकमेकींवर कुरघोडी करण्यासाठी कंपन्यांनी समांतर टाकलेले काही मार्ग खरोखरच अनावश्यक होते, हेही मान्य करायला हवे. आक्षेप आहे तो मोजण्याच्या पद्धतीला. 2,363 स्थानके आणि सुमारे 5,000 मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या या अहवालातील वाहतुकीची मोजणी मुख्यतः एका आठवड्याची, 23 एप्रिल 1961 ला संपलेल्या आठवड्याची होती. समुद्रकाठच्या गावांत गर्दी होते जुलै-ऑगस्टमध्ये! शिवाय उत्पन्न धरले गेले ते तिकीट जिथे विकले त्या स्थानकाच्या नावावर, त्यामुळे मोठ्या शहरातून परतीचे तिकीट काढून आलेला प्रवासी त्या लहान स्थानकाच्या खात्यात आलाच नाही. शाखामार्ग स्वतः थोडे कमावतो, पण मुख्य मार्गाला माणसे आणून देतो. तो तोडल्यावर लोक बसने जंक्शनपर्यंत जातील, ही अपेक्षाही फोल ठरली. पर्यायी बसगाड्या अनेक ठिकाणी थोड्याच काळात बंद पडल्या आणि ज्यांना शक्य होते, त्यांनी मोटार घेऊन सगळाच प्रवास रस्त्याने सुरू केला.

एडिंबरा ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग जानेवारी 1969 मध्ये बंद झाला. अखेरच्या रात्रगाडीला न्यूकॅसलटन गावच्या लोकांनी भर थंडीत फाटकावर अडवले, गावच्या धर्मोपदेशकांना पोलिसांनी ताब्यात घेतले आणि त्याच गाडीत असलेले खासदार डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केल्यावर गाडी पुढे गेली. पुढे रूळ उखडले गेले, पूल पाडले गेले, काही ठिकाणी मार्गाच्या जागेवर बांधकामे उभी राहिली. सप्टेंबर 2015 मध्ये त्यातला एडिंबरा ते ट्वीडबँक एवढाच भाग मोठ्या खर्चाने नव्याने बांधून सुरू करावा लागला. याच मार्गावरच्या हॉइक शहराला आजही रेल्वे नाही.

याच्या उलट उदाहरण मी स्वतः पाहिले. मुलाकडे लीड्सला राहिलो असताना सेटल–कार्लाइल मार्गाने प्रवास केला. मिडलँड रेल्वेनेच बांधलेला हा 72 मैलांचा मार्ग 1980 च्या दशकात बंद होणार होता आणि रिबलहेडच्या 24 कमानींच्या पुलाची दुरुस्ती परवडत नाही, हे त्याचे मुख्य कारण सांगितले जात होते. विरोधात सुमारे 22,000 हरकती दाखल झाल्या, आणि त्यांत तिकीट काढून नियमित प्रवास करणाऱ्या एका कुत्र्याच्या पंजाच्या ठशाचीही एक होती. गार्सडेलच्या फलाटावर त्याचा कांस्य पुतळा आहे. एप्रिल 1989 मध्ये सरकारने मार्ग चालू ठेवण्याचा निर्णय दिला. माझ्या डब्यात बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या दोन म्हाताऱ्या बायका होत्या, शाळकरी मुले होती, पाठीवर सॅक घेतलेले गिर्यारोहक होते. त्या पुलावरून गाडी सावकाश जात असताना मला सतत आमची गाडी आठवत होती.

आमची गाडी म्हणजे मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज, जिला सारा वऱ्हाड शकुंतला म्हणतो. इथला कापूस बाहेर नेण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने घातलेला हा मार्ग काही वर्षांपासून बंद पडून आहे. लेखकाने सुचवल्याप्रमाणे अशा मार्गांचा हिशेब करायचाच असेल, तर तो एखाद्या ओसाड आठवड्याचा नसावा. कापूस बाजारात येतो ते महिने, बहिरमची यात्रा, शाळा-महाविद्यालयांचे दिवस हे सगळे त्यात धरावे आणि मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर चढणारा प्रवासी शकुंतलेच्याही खात्यात मांडावा. तो हिशेब होईपर्यंत रुळांखालची जमीन कोणत्याही कारणासाठी दुसऱ्या कोणाला देऊ नये, एवढी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, परतवाडा (जि. अमरावती)