घरट्यांचा हिशेब

महोदय,

घरट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या हौशी मंडळींचे काम मोलाचे आहे. मात्र सापडलेल्या घरट्यांपैकी किती यशस्वी झाली, म्हणजे किती घरट्यांतून पिल्ले उडाली, एवढ्यावरच टक्केवारी काढणे फसवे ठरते. अंडी घालताच उद्ध्वस्त झालेली घरटी आपल्या नजरेसच पडत नाहीत, म्हणून यश फुगून दिसते. अमेरिकी पक्षी-अभ्यासक हॅरॉल्ड मेफिल्ड यांनी १९६१ मध्ये यावर तोड काढली: घरटे जितके दिवस नजरेखाली होते, तितकेच दिवस हिशेबात धरायचे. त्यासाठी प्रत्येक भेटीची तारीख आणि अंडी-पिल्लांची संख्या लिहिलीच पाहिजे. उंचावरच्या घरट्यात काठीला बांधलेल्या आरशातून डोकावता येते. पण कृपा करून, पिल्ले उडायच्या बेतात असताना जवळ जाऊ नका. घाबरून ती वेळेआधीच बाहेर उड्या टाकतात. तेव्हा दुर्बीणच बरी.

– एक पक्षीनिरीक्षक