आमच्या गावच्या आशाताईंना

ताई,

तोंडावर आभार मानले की "हे तर माझं कामच आहे" म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते.

कापूस वेचणीचे दिवस होते. छकुलीला आधी उलट्या झाल्या, अंग तापलं, मग पाण्यासारखे ढाळ सुरू झाले. घरात जितकी तोंडं तितकी निदानं. सासूबाई म्हणे दात येत आहेत, शेजारच्या काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या, आणि ह्यांचं एकच, "गाडी काढतो, सलाईन लावून आणू." तुम्ही कुणाशीच वाद घातला नाही. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली. डोळे खोल गेलेत का, रडताना पाणी येतं का पाहिलं. शू कधी केली विचारलं. मग म्हणालात, "सलाईन नाही लागत. पण रात्रभर कुणीतरी चमचा घेऊन बसा."

लिटरच्या रिकाम्या बाटलीनं पाणी मोजून त्यात ओआरएसचं अख्खं पाकीट टाकलंत. ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट पूड टाकायची आमच्याकडची रीत तिथंच मोडली. पोरगी ओकली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच. "ढाळ बंद नाही पाडायचे माय, गेलेलं पाणी भरून काढायचं आहे," हे तुमचं वाक्य सासूबाई आता गावभर ऐकवतात, स्वतःचं असल्यासारखं!

मी मात्र चिडले होते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची रोटाची, म्हणजे ढाळ लावणाऱ्या रोटा विषाणूवरची लस न चुकता पाजली, मग हे आलं कुठून? २०१९ मध्ये आपल्या राज्यात ही लस सरकारी लसीकरणात आली तेव्हा तुम्हीच घरोघर सांगत फिरला होता. तुम्ही शांतपणे सांगितलंत की लस फक्त रोटावर आहे, आणि तो झालाच तर बहुतेकदा जोर कमी राहतो. नोरो, ॲडिनो, ॲस्ट्रो हे विषाणू वेगळे, त्यांनीही असेच ढाळ लागतात. छकुलीला यातला कोणता, हे शोधायची गरज नाही, कारण उपचार तोच. अँटिबायोटिक यांच्यावर चालत नाही. शौचात रक्त दिसलं, पोर सुस्त पडलं किंवा पाणीच पिईना, तर मात्र थेट दवाखाना. इतकं उलगडून आजवर कुणी सांगितलं नव्हतं, पैसे घेणाऱ्यांनी तर नाहीच.

ढाळ थांबल्यावर झिंकच्या गोळ्या फडताळात गेल्या असत्या. चौदा दिवस पुरे करायचे म्हणून तुम्ही फोन करत राहिलात. गोळी चमचाभर पाण्यात विरघळवताना छकुली आता स्वतःच तोंड उघडते.

ह्यांनी मोरीपाशी साबणाची वडी दोरीला बांधून टांगली आहे. लंगोट धुतल्यावर हात धुतले का, हेही तेच विचारतात.

तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. रविवारी सोलेभात करते. काम आहे म्हणू नका, जेवायलाच या.

तुमची,
छकुलीची आई