शॅकल्टन यांची अर्धीच गोष्ट सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याला गेल्या महिन्यात नेतृत्वाच्या प्रशिक्षणात, अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघालेले ब्रिटिश संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांची गोष्ट सांगण्यात आली. बर्फाने चिरडलेले ‘एंड्युरन्स’ जहाज, एलिफंट बेटावर मागे राहिलेले बावीस सहकारी, मदत आणण्यासाठी सहा जणांनी उघड्या समुद्रातून साउथ जॉर्जियापर्यंत केलेला सुमारे 1500 किलोमीटरचा होडीचा प्रवास आणि अखेर 30 ऑगस्ट 1916 रोजी झालेली त्या बाविसांची सुटका, हे सारे ऐकून तो भारावून घरी आला. पडद्यावरच्या शेवटच्या पानाचा फोटो त्याने मला मोबाइलवर दाखवला. ‘एकही माणूस गमावला नाही’, असे त्यावर ठळक अक्षरांत होते.

ठाण्यात तीस वर्षे भूगोल शिकवल्यानंतर हे वाक्य वाचून मला गप्प बसवले नाही. शॅकल्टन यांच्या मोहिमेची दुसरी तुकडी त्याच वेळी अंटार्क्टिकाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे होती. शॅकल्टन खंड ओलांडून येतील तेव्हा त्यांना वाटेत अन्न मिळावे म्हणून या माणसांनी बर्फावर साठे रचून ठेवले. ज्यांच्यासाठी हा आटापिटा चालला होता त्यांचे जहाज कधीच बुडाले आहे, हे त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता. या कामात अर्नॉल्ड स्पेन्सर-स्मिथ स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने दगावले, तर एनियास मॅकिंटॉश आणि व्हिक्टर हेवर्ड मे 1916 मध्ये समुद्रावरच्या पातळ बर्फावरून चालत निघाले ते परतलेच नाहीत. शिवाय होडीचा प्रवास ज्यांच्या हातच्या कामामुळे शक्य झाला, ते जहाजावरचे सुतार हॅरी मॅकनिश यांचे वाटेत शॅकल्टन यांच्याशी खटके उडाले होते. पुढे बहुतेक सहकाऱ्यांना ध्रुवीय पदक मिळाले, मॅकनिश यांना मात्र ते नाकारले गेले. शॅकल्टन यांच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, पण या चार माणसांना वगळून सांगितलेली गोष्ट मला अर्धवट वाटते.

1960 च्या दशकात मी शाळेत होते तेव्हा आमच्यापुढे आदर्श म्हणून उभे केले जात ते दुसरे ब्रिटिश ध्रुवसंशोधक रॉबर्ट स्कॉट. शॅकल्टन यांचे नाव क्वचितच कानावर येई. 17 जानेवारी 1912 रोजी स्कॉट दक्षिण ध्रुवावर पोहोचले, तेव्हा नॉर्वेचे रोआल्ड अमुंडसेन 34 दिवस आधीच तेथे येऊन गेले होते, आणि परतीच्या वाटेवर स्कॉट व त्यांचे चारही सोबती मृत्यू पावले. कर्तव्य करता करता आलेले मरण हीच त्या काळी शौर्याची परमावधी मानली जात असल्याने हरलेले स्कॉट अमर झाले. अमुंडसेन यांनी उत्तर ध्रुवप्रदेशातील नेत्सिलिक इन्युइट लोकांच्या शेजारी दोन हिवाळे काढून त्यांच्याकडून कातड्याचे कपडे आणि कुत्र्यांच्या गाड्या यांचे ज्ञान घेतले होते, तरी त्यांचा विजय इंग्लंडला काहीसा कमअस्सल वाटला. 1979 मध्ये रोलंड हंटफर्ड यांच्या पुस्तकाने स्कॉट यांना अकुशल नेता ठरवले आणि पारडे फिरले. पुढे 2001 मध्ये सुसान सॉलोमन या वातावरणशास्त्रज्ञ विदुषींनी हवामानाच्या नोंदी तपासून दाखवले की, स्कॉट ज्यात दगावले तो 1912 चा मार्च महिना तेथील नेहमीच्या मार्चपेक्षा कितीतरी अधिक थंड होता.

या सगळ्या उलथापालथीत मला राहून राहून आठवतात ते स्कॉट यांच्या गाडीवरचे दगड. परतताना, फेब्रुवारीत, बिअर्डमोर हिमनदीच्या काठी त्यांनी जीवाश्म गोळा केले आणि अंगात त्राण उरले नसतानाही ते सुमारे 16 किलो वजन अखेरपर्यंत टाकले नाही. शोधपथकाला तंबूतील मृतदेहांबरोबर ते दगडही सापडले. टीकाकारांनी पुढे याच ओझ्याला मूर्खपणा म्हटले. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे होते, आणि तीच पाने आपल्या विदर्भात, कामठीच्या परिसरातील खडकांतही मिळतात. ज्या प्राचीन महाखंडात हे दोन्ही प्रदेश एकत्र होते, त्याचे गोंडवन हे नाव गोंडांच्या भूमीवरूनच आले आहे. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून ऐकत.

कीर्ती बदलते याचे मला दुःख नाही. ती कशामुळे बदलते हे पाहिले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. उत्तरेकडच्या बर्फात नाहीशा झालेल्या जॉन फ्रँकलिन यांच्या ब्रिटिश मोहिमेतील माणसांनी उपासमारीत नरमांस खाल्ल्याची इन्युइटांनी दिलेली माहिती संशोधक जॉन रे यांनी 1854 मध्ये इंग्लंडला कळवली आणि रे यांचीच निंदा झाली. नंतर सापडलेल्या हाडांवरील सुरीच्या खुणांनी तीच माहिती खरी ठरवली. उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत अमेरिकन संशोधक रॉबर्ट पिअरी यांच्याबरोबर 1909 मध्ये गेलेले कृष्णवर्णीय मॅथ्यू हेन्सन पुढे न्यूयॉर्कच्या कस्टम कार्यालयात नोकरी करत राहिले, आणि आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पिअरी यांच्या शेजारची जागा त्यांना मिळाली ती मृत्यूनंतर 33 वर्षांनी, 1988 मध्ये. हे बदल पुराव्याने आणि न्यायबुद्धीने घडले. शॅकल्टन यांना आज आलेले महत्त्व मात्र बरेचसे आपल्या गरजेतून आले आहे. कंपन्यांना संकटात माणसे सांभाळणारा नायक हवा आहे, आणि त्या साच्यात न बसणारे तीन मृत्यू आणि एक सुतार गोष्टीतून गळून पडले आहेत.

प्रशिक्षण देणाऱ्या मंडळींना आणि वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलांची भाषणे बसवून घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, शॅकल्टन यांची गोष्ट सांगताना रॉस समुद्राकडची बाजूही सांगावी. त्याला पाच मिनिटे पुरतात. स्पेन्सर-स्मिथ, मॅकिंटॉश, हेवर्ड आणि मॅकनिश ही नावे मी भाच्याला कागदावर लिहून दिली आहेत आणि पुढच्या सत्रात तो ती वाचून दाखवणार आहे.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
नौपाडा, ठाणे