हिशेब करून पाहणाऱ्या वाचकास

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. माझ्या पहिल्या विज्ञान कादंबरीचं परीक्षण तुम्ही लिहिलंत आणि मी ते वाचलं, एवढाच काय तो संबंध. आभार खाजगीतही मानता आले असते. पण कादंबरीबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं चारचौघांत बोललं गेलं, तेव्हा हेही चारचौघांतच होऊ दे.

तुमच्या आधी जे लिहून गेले त्यांच्याबद्दल थोडं बोलते, नाहीतर मनातलं जाणार नाही. प्रकाशकांच्या आग्रहाखातर मलपृष्ठावर 'परग्रहावरचं गूढ जग' असे शब्द छापले गेले. त्यानंतर आलेल्या दोन परीक्षणांत परग्रहवासीयांच्या चित्रणाची तारीफ झाली. कादंबरीत परग्रहवासी नाहीत. औषधालासुद्धा नाहीत. मंगळावर राहायला गेलेली माणसं आहेत, आणि ती पाण्याच्या पाळीवरून भांडतात. आणखी एकांची तक्रार अशी, की नायिका मंगळावर सरळ पाय टेकून चालते, म्हणजे अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं हेही लेखिकेला माहीत नाही! अहो, मंगळाचं गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के आहे. पृथ्वीवर ५० किलो भरणारी बाई तिथे १९ किलोंची वाटेल, पण जमिनीवरच चालेल. आणि एका विद्वानांनी दुसऱ्या परिच्छेदात कादंबरीचा शेवट सांगून टाकला, वर 'शेवट अपेक्षितच होता' असा शेराही मारला.

नव्या लेखकानं टीका पचवायला शिकावं, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. टीका पचवेन हो. पुस्तक न उघडता केलेली स्तुती कशी पचवायची, ते मात्र कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या कादंबरीचं हस्तलिखित मी तेव्हा कपाटात टाकलं होतं.

आणि मग तुमचं परीक्षण आलं.

त्यात कौतुक बेताचंच होतं. पण मधल्या एका परिच्छेदात तुम्ही आईच्या कपड्यांबद्दल लिहिलंत. पहिल्या प्रकरणात आई पृथ्वीवरून मंगळावरच्या लेकीला प्रश्न विचारते आणि उत्तर येईपर्यंत दोरीवरचे कपडे काढून घड्या घालते. पुढे पुढे तिचं तेवढ्याच वेळातलं काम वाढत जातं. शेवटाकडे एका प्रश्नोत्तरात कपडे भिजवून, घासून, पिळून, वाळत घालूनही होतात, आणि लेक अजून बोललेली नसते. हे का, ते मी कुठेही सांगितलेलं नाही. मिनिटांचा उल्लेख मुद्दाम टाळला होता. तुम्ही प्रकरणांवरच्या तारखा घेतल्यात, त्या तारखांना दोन्ही ग्रह कुठे असतील ते काढलंत, अंतराला प्रकाशाच्या वेगानं भागलंत, आणि लिहिलंत: 'मी हिशेब करून पाहिला. लेखिकेनं कुठेही लबाडी केलेली नाही.'

हे वाक्य वाचून मला रडू आलं. लेखिका म्हणून हे कबूल करणं शोभत नाही म्हणतात, म्हणोत.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पृथ्वी आणि मंगळ आपापल्या कक्षेत फिरत असल्यानं त्यांच्यातलं अंतर साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपासपासून थेट ४० कोटींपर्यंत बदलतं. म्हणून निरोप पोचायला कधी ३ मिनिटं पुरतात, तर कधी २२ लागतात. माझी गोष्ट सुरू होते तेव्हा ग्रह जवळ आहेत, प्रश्न जाऊन उत्तर यायला ८ मिनिटं. तेरा महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा तोच फेरा ४२ मिनिटांचा होतो. मग सूर्य मधे येतो आणि साधारण दोन आठवडे बोलणंच खुंटतं. मंगळावरच्या खऱ्या यानांनाही त्या काळात आज्ञा पाठवणं थांबवतात. माय-लेकींचं भांडण या अंतराबरोबर वाढत नेताना मी भिंतभर तक्ते चिकटवले होते. घरच्यांना वाटलं, आता हिचं काही खरं नाही. वाचकाला ते तक्ते दिसावेत अशी अपेक्षा नव्हतीच. तरी कुणा एकाला दिसावेत, अशी चोरटी आशा होती.

बरं, तुम्ही तिथेच थांबला नाहीत. बाजूला एखादा उपग्रह ठेवून निरोप वळवता येणार नाहीत का, हा आक्षेप कुणीही जाणता वाचक घेईल. तो तुम्ही घेतलात आणि त्याचं उत्तर तिसऱ्या प्रकरणातल्या एका ओळीत आहे, हेही स्वतःच शोधून लिहिलंत. त्या ओळीवर माझा आणि संपादकांचा वाद झाला होता. त्यांना ती अनावश्यक वाटत होती. तुमचं परीक्षण त्यांना पाठवताना मी सोबत एक शब्दही लिहिला नाही, पण पाठवलं लगेच.

आणि त्या दोन आठवड्यांच्या मौनात काय घडतं, ते तुम्ही सांगितलं नाहीत. 'इथे मी गप्प बसतो,' म्हणालात.

त्यानंतर तुमची जुनी परीक्षणं शोधून वाचली. प्रत्येकात पहिल्या ओळीतच लिहिलेलं: पुस्तक विकत घेतलं, की प्रकाशकाकडून अभिप्रायासाठी आलं. मालिकेचा तिसरा भाग असेल तर आधीचे दोन न वाचता सुरुवात करता येईल का, तेही. ही साधी सभ्यता आहे, पण शोधायला गेलं तर फार ठिकाणी सापडत नाही. एका नव्या अद्भुतिकेबद्दलचं तुमचं परीक्षण मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या कथेत प्रत्येक मंत्रामागे जादूगाराची एक आठवण पुसली जाते. तुम्ही कोणती आठवण कोणत्या मंत्राला गेली याची यादी केलीत आणि दाखवलंत, की पुसलेलं आईचं नाव तो सहा प्रकरणांनंतर सहज उच्चारतो. 'जादू आहे, तिथे काय नियम?' असं म्हणून सोडून देता आलं असतं. बहुतेक जण सोडतातच. तुम्ही त्या जादूला माझ्या मंगळाइतकंच मनावर घेतलंत. शिवाय, पुस्तक तरीही वाचावं असं का वाटतं, ते दोन परिच्छेद खर्चून सांगितलंत. त्या लेखकाला कसं वाटलं असेल, याची मला आता कल्पना आहे.

या साहित्याला वाचकांनीच हात दिला आहे, हे काही मी नव्यानं सांगायला नको. ह्युगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापली जात. ते पत्ते पाहून वाचक एकमेकांना लिहू लागले, त्यांची मंडळं झाली, संमेलनं भरू लागली. गर्न्सबॅक यांच्या नावाचा 'ह्युगो' पुरस्कार १९५३ पासून दिला जातो आणि तो आजही जागतिक संमेलनाचे सभासद मतदानानं ठरवतात. म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन लेखकाची तपासणी करणारा वाचक ही या प्रांतातली जुनी, मानाची जागा आहे. मधल्या काळात ती रिकामीच पडलीय की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

एका बाबतीत मात्र तुमचं मला पटलेलं नाही. पाणी समितीच्या बैठकांची चार प्रकरणं तुम्हाला रटाळ वाटली. वाटू देत. पाण्याचा थेंब न् थेंब गाळून पुन्हा वापरणारी वस्ती बैठका घेणारच, आणि बैठका रटाळच असतात. पुढच्या आवृत्तीतही ती प्रकरणं तशीच राहतील.

दुसरं हस्तलिखित कपाटातून काढलं आहे. त्यात गुरूचे चंद्र आहेत, तेव्हा तुमच्या पेन्सिलीला बरंच काम पडेल.

राहिला तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न: संपर्क परत जुळल्यावर पहिला शब्द आईच का बोलते, लेक का नाही? याचं उत्तर माझ्याकडे आहे. पण ते इथे लिहिलं तर तुम्ही जपून झाकलेला शेवट मीच फोडल्यासारखं होईल. तेवढं वेगळ्या पत्रानं कळवते.

आपली,
मंगळावरच्या लेकीची लेखिका