‘मराठी आहे’ म्हणून विकलंत, पण आबांची कळ त्याला सांगता आली नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : डोळ्यांनी चालणाऱ्या संभाषण यंत्रातील सदोष मराठी, अपडेटमध्ये पुसली गेलेली वाक्ये आणि नाकारलेली सेवा याबाबत तक्रार.

महोदय,

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत 31 वर्षं मोल्डर होते. त्यांना मोटर न्यूरॉन डिसीज आहे. आधी हात गेले, मग पाय, आणि गेल्या दिवाळीपासून बोलणं पूर्ण थांबलं. या आजारात स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात, पण डोळे फिरवणारे स्नायू बहुतेकांचे बराच काळ शाबूत राहतात. आबांचे आहेत. डोकंही लखलखीत आहे. म्हणून त्यांच्या फंडातले 1 लाख 85 हजार रुपये मोडून आम्ही तुमचा नजर टिपणारा ट्रॅकर, टॅबलेट आणि नजरेने लिहिलेलं मोठ्याने बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं. तुमच्या माहितीपत्रकावर ‘संपूर्ण मराठी’ असं ठळक छापलं होतं. ते कात्रण मी जपून ठेवलं आहे.

जे चांगलं आहे ते आधी सांगते. तुमचा ट्रॅकर चांगला आहे. डोळ्यावर पडणारा इन्फ्रारेड प्रकाश बुबुळाच्या काचेवरून कसा परततो त्यावरून नजर कुठे आहे हे तो ओळखतो, आणि 9 ठिपक्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे एकेका ठिपक्याकडे बघून नजरेची जुळवणी, एकदा नीट झालं की आबांची नजर बरोबर पकडतो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की गोंधळतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं. आम्ही जाड पडदा लावला, प्रश्न मिटला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नजर पकडल्यानंतर तुमचं सॉफ्टवेअर तिचं जे करतं त्याबद्दल.

जूनमधली एक रात्र सांगते. बाहेर पाऊस लागला होता. आई आबांच्या पलंगाशेजारी खाली गादीवर झोपली होती. दोनच्या सुमारास यंत्र बोललं, “कल.” आई उठून बसली. यंत्र परत बोललं, “कल.” दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाले यायचे होते. आईला वाटलं आबा त्यांचंच विचारताहेत. ती म्हणाली, “व्हय, उद्या येणार हायत ती. झोपा आता.” तिसऱ्यांदा “कल” आलं, तेव्हा तिने मला हाक मारली. मी येऊन स्क्रीनवर पाहिलं, तर आबांनी लिहिलं होतं ‘कळ’. त्यांचा डावा पाय पलंगाच्या दांडीत अडकून पिळला गेला होता. त्यांना ‘पाय’ लिहायचं होतं, पण तोवर डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पाणी आलं की ट्रॅकरला बुबुळ सापडत नाही. आईच्या हिशेबाने हे सगळं पाऊण तास चाललं.

तुम्ही मराठीच्या नावाखाली हिंदीचा आवाज बसवला आहे. त्याला ‘ळ’ म्हणता येत नाही. मराठीतला ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हांनी उच्चारला जातो हे त्याच्या गावी नाही. ‘पाणी’ लिहायला घेतलं की सुचवणीत ‘पानी’ येतं. मराठी आवाज मिळत नाही ही सबबही चालणार नाही. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये मराठी वाचणारा गूगलचा आवाज आहे. मायक्रोसॉफ्टकडे आरोही आणि मनोहर या नावांचे दोन मराठी आवाज आहेत. तुमच्या विक्री प्रतिनिधीने आम्हाला सांगितलं होतं, “स्टीफन हॉकिंग डोळ्यांनी हेच वापरायचे.” हेही खरं नव्हतं. हॉकिंग गालाचा एक स्नायू हलवत, चष्म्याला लावलेला सेन्सर ती हालचाल टिपत असे, आणि त्यांच्यासाठी इंटेलने केलेलं सॉफ्टवेअर 2015 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यांच्यापुढे नवे, अधिक नैसर्गिक आवाज आले, तरी त्यांनी आपला जुना यांत्रिक आवाज सोडला नाही, कारण तो त्यांचा झाला होता. आवाजाचं माणसाशी असं नातं असतं, आणि तुम्ही आबांच्या तोंडी परक्याचा आवाज दिलात.

दुसरी गोष्ट कीबोर्डची. तुम्ही इंग्रजी कीबोर्डच्या चौकटीत मराठी अक्षरं कोंबली आहेत. व्यंजनं एका पानावर, मात्रा दुसऱ्यावर, हलन्त तिसऱ्यावर. ‘पाठ दुखतीया’ हे आबांचं रोजचं वाक्य. ते लिहायला 11 अक्षरं, मात्रा आणि जागा लागतात, त्यात 4 मात्रा, आणि प्रत्येक मात्रेसाठी पान उलटून परत यायचं म्हणजे आणखी 8 वेळा नजर रोखायची. एकूण 19. प्रत्येक ठिकाणी सव्वा सेकंद टक लावायची, आणि पापणी लवली की पुन्हा पहिल्यापासून. आबांना घाम फुटतो. मी शेजारी बसून रुमालाने टिपत असते.

पाट्या रंगवणाऱ्या एका पोराकडून मी पारदर्शक ॲक्रिलिकची फळी कापून घेतली. तिच्यावर वर्णमाला लिहिली. पहिल्या ओळीत क-वर्ग, मग च, ट, त, प असे पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं. आबा सातवी शिकलेत, पण वर्णमाला आणि बाराखडी त्यांना पाठ आहे. फळी मधे धरायची, मी समोर. ते आधी ओळीकडे बघतात, मग ओळीतल्या जागेकडे. दोन नजरांत पंचवीसपैकी कोणतंही अक्षर. य, र, ल, व आणि पुढची अक्षरं, तसेच स्वर, उजव्या कडेला. अक्षर ठरलं की मी त्याची बाराखडी म्हणते आणि हव्या त्या ठिकाणी ते डोळे मिटतात. त्या फळीला 250 रुपये पडले. तिच्यावर आबा तुमच्या यंत्राहून लवकर बोलतात. आमची वर्णमाला मुळातच ओळीनुसार आणि जागेनुसार मांडलेली आहे. डोळ्यांनी बोलणाऱ्याला याहून सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही. ‘क’वर नजर थांबली की ‘का, कि, की’ समोर उघडायला हवं. तुमच्या कुणा अभियंत्याने एकदा एखाद्या आजीला बाराखडी म्हणायला सांगितली असती, तरी त्याला हे कळलं असतं.

इतर पर्यायही मी पाहिले, तेही तुमच्या कानावर घालते. गूगलचं ‘लुक टू स्पीक’ हे फुकटचं अँड्रॉइड ॲप आहे. डावीकडे, उजवीकडे, वर अशी नजर टाकून आपण आधी भरलेलं वाक्य निवडता येतं. लांब बोलता येत नाही, पण पाणी, कूस, गरम होतंय एवढं भागतं. विंडोजमध्ये 2017 पासून नजरेने चालवण्याची सोय आहे. ऑप्टिकी हे नजरेने लिहिण्या-बोलण्याचं मुक्त सॉफ्टवेअर कुणालाही विनामूल्य मिळतं. मला ते तुमच्या ट्रॅकरवर चालवून बघायचं होतं, पण तुमचा ट्रॅकर तुमच्याच सॉफ्टवेअरला बांधून ठेवला आहे. पैसे आम्ही दिले, वस्तू आमच्या घरात आहे, आणि तिच्यावर काय चालवायचं हे तुम्ही ठरवता.

जुलैत तुमचं अपडेट आपोआप आलं. आबांनी तीन महिन्यांत डोळ्यांनी लिहून 140 वाक्यं साठवली होती. ती सगळी पुसली गेली. त्यात “रंकाळ्यावर पाणी किती आलंय?” होतं, नातवासाठी “गणित झालं का रे?” होतं, आईसाठीचं एक होतं ते इथे लिहीत नाही. त्याच आठवड्यात पंचगंगा इशारा पातळीच्या 39 फुटांवर गेली, आमच्या भागातली लाईट काढली, नेट गेलं, आणि लायसन्स तपासायला नेट नाही म्हणून तुमचं सॉफ्टवेअर उघडेना. दोन दिवस. टॅबलेट चार्ज होता, ट्रॅकर चालू होता. पाणी वाढलं असताना, घर हलवायचं का याचा विचार चालू असताना, घरातल्या कर्त्या माणसाला एक शब्द बोलता आला नाही. शेवटी ॲक्रिलिकच्या फळीवर आबांनी सांगितलं, “कागद वर ठेव.” घराची आणि फंडाची कागदपत्रं. नेमकं तेच आम्ही विसरलो होतो.

वाक्यं परत मिळवण्यासाठी मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, लायसन्स कुणाच्या नावावर आहे? आबांच्या, म्हटलं. मग त्यांनाच लाईनवर घ्या, त्यांनी तोंडी नाव आणि जन्मतारीख सांगितल्याशिवाय खात्याची माहिती देता येणार नाही. मी दोनदा समजावलं. नियम आहे, म्हणाले. फोन स्पीकरवर होता आणि आबा ऐकत होते.

आमच्या मागण्या अशा आहेत. 140 वाक्यं तुमच्या सर्व्हरवरून परत द्या, आणि ती आमच्या पेन ड्राइव्हवर जतन करण्याची सोय द्या. ‘ळ’ म्हणणारा मराठी आवाज आणि वर्गवार बाराखडीचा कीबोर्ड 30 दिवसांत द्या, नसेल जमत तर ट्रॅकरचं कुलूप काढा आणि सॉफ्टवेअरचे पैसे परत करा. नेट नसताना सॉफ्टवेअर उघडलंच पाहिजे. आणि न बोलणाऱ्या ग्राहकाच्या घरच्या माणसाला त्याच्या वतीने बोलू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संप्रेषण’ या शब्दाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी पद्धतीही धरल्या आहेत. तोंडी ओळख पटवण्याचा तुमचा नियम त्या कायद्याशी कसा जुळतो ते लेखी कळवा.

मुदतीत उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जाईन. आम्ही जिथे राहतो तिथेच दावा लावण्याची सोय त्या कायद्यात आहे. पावती, माहितीपत्रकाचं कात्रण आणि त्या रात्रीच्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडला आहे.

पत्र पूर्ण झाल्यावर मी ते आबांना वाचून दाखवलं. फळी धरली. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली : 31 नाही, 32 वर्षं. वर तसंच राहू देते, इथे त्यांच्या शब्दाने बदलते.

आपली,
लायसन्सधारकांची मुलगी
कोल्हापूर