बाबांचं म्हणणं लिहून घेणाऱ्या बाईंस

तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या नऊ हजार वर्षं जुन्या वस्तीच्या उत्खननाचे तेव्हाचे प्रमुख प्रा. इयन हॉडर, त्यांचे देशोदेशींचे सहकारी, आणि त्या दिवशी दक्षिणेकडच्या छपराखाली काम करत असलेल्या, नाव विचारायचं राहून गेलेल्या बाई, यांस सप्रेम नमस्कार.

हे पत्र फार वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं. बाबा गेल्या महिन्यात गेले. भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी मला तुमचीच गोष्ट सांगितली. मीच तिथे हजर होते आणि मलाच सांगत होते! "तुर्कस्तानात एका मॅडमनं त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेतलं म्हणे." बाबांनी ही गोष्ट किती जणांना सांगितली होती ते तेव्हा कळलं. म्हणून आता बसले लिहायला.

बाबा गवंडी होते. चाळीसएक वर्षं गिलावा केला. काचबिंदूने नजर गेली तरी भिंतीवरून तळवा फिरवून 'इथं पोकळ वाजतंय' असं सांगायचे आणि ते खरं निघायचं. माझी नोकरी तेव्हा तुर्कस्तानात होती, म्हणून त्यांना महिनाभर बोलावून घेतलं होतं. न दिसणाऱ्या माणसाला काय दाखवणार, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता, मला धरून.

आधी दोन-तीन वस्तुसंग्रहालयं झाली. सगळीकडे काचा. मी वाचून दाखवायचे, बाबा मान डोलवायचे. एका ठिकाणी त्यांचा हात नुसता एका दगडी कठड्यावर टेकला, तर तिथला माणूस धावत आला आणि म्हणाला, "यांना दिसत नाही तर आणलंत कशाला?" बाबांना भाषा कळली नाही, सूर कळला. त्या दिवशी ते रात्रीपर्यंत फारसं बोलले नाहीत. ते संग्रहालय कुठलं ते मी लिहीत नाही. पण त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, हे मात्र लिहून ठेवते.

त्यामुळे कोन्याच्या मैदानात, चुमराजवळच्या तुमच्या त्या टेकाडावर आलो तेव्हा मी फार आशेने आले नव्हते. सपाट शेतांमधून वर आलेलं, वीसेक मीटर उंचीचं मातीचं टेकाड. तेही घरांवर घरं बांधून झालेलं, एकूण अठरा थर. इसवीसनपूर्व ७१०० च्या आसपास वस्ती सुरू झाली आणि हजाराहून जास्त वर्षं चालली. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की मध्ये गल्लीबोळ नाही. ये-जा छपरावरून, आणि आत उतरायला शिडी. "मग पाणी गळत असणार छपरातून," बाबा लगेच म्हणाले. त्यांना इतिहासापेक्षा गळतीत जास्त रस.

आम्ही कठड्याशी उभे होतो. मी खालचं वर्णन करत होते: ही चूल, हा ओटा, या ओट्याखाली घरातलीच माणसं पुरलेली. भिंतीच्या गिलाव्याबद्दलही बोलत असेन, कारण बाबांनी विचारलं, "किती जाड आहे?" मला काय माहीत! तेवढ्यात खाली गुडघ्यांवर बसलेल्या बाईंनी वर पाहिलं. बाबांची पांढरी काठी त्यांना दिसली असावी. त्यांनी शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, त्याने कुणाला तरी विचारलं, कुठेतरी मान हलली. मग बाई शिडीने वर आल्या. हातात एक ट्रे, ट्रेमध्ये भिंतीवरून सुटून पडलेला, नोंद होऊन गेलेला एक तुकडा, हाताच्या तळव्याएवढा. त्यांनी बाबांचं मनगट हलकेच धरलं आणि अंगठा तुकड्याच्या तुटलेल्या कडेवर नेऊन ठेवला.

बाबांनी नख फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. वहीची पानं कडेने चाळावीत तसं. मग म्हणाले, "एवढे हात?"

हे मला इंग्रजीत आणता येईना. आमच्याकडे रंगाचा, चुन्याचा एक थर म्हणजे एक 'हात'. बाईंनी सांगितलं की या घरांना दरवर्षी, काही खोल्यांना तर त्याहूनही जास्त वेळा, पांढरा हात दिला जायचा. आत चूल, धूर जायला तेवढीच ती शिडीची वाट, म्हणून भिंती काजळायच्या आणि पुन्हा पांढऱ्या केल्या जायच्या. पांढरा, काळा, पांढरा, काळा, असे केसाएवढे बारीक शेकडो थर. इथल्या वयस्कर माणसांच्या फासळ्यांच्या आतल्या बाजूला काजळी सापडली आहे, हेही त्यांनीच सांगितलं. भिंतीवर जे बसायचं तेच छातीत. बाया आणि पुरुष दोघांच्याही, म्हणजे दोघंही सारखाच वेळ घरात असावेत.

आतापर्यंत झालं ते चांगुलपणाचं, आणि चांगली माणसं कुठेही भेटतात. माझं पत्र आहे ते यापुढच्या गोष्टीसाठी. बाईंनी विचारलं, "तुमचे वडील काय म्हणतात याबद्दल?"

त्यांना काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

बाबांनी तुकडा जिभेला लावू का विचारलं. त्यावर नाही म्हणाल्या, पण हसून. मग बाबा म्हणाले, "हा भाजलेला चुना नव्हे. पांढरी माती आहे. हा गिलावा नाही, सारवण आहे. आणि शेवटचे दोन हात वेगळ्या माणसाचे आहेत." मी भाषांतर केलं. माती म्हटल्यावर बाईंनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं. बरोबर होतं. बहुतेक भिंतींना जवळच्याच दलदलीतली चुनखडीयुक्त माती लावलेली होती. त्यांनी खिशातून वही काढली आणि बाबांची वाक्यं एकेक करून लिहून घेतली. शेवटच्या दोन हातांचंही. ते कसं ओळखलं हे दोनदा विचारलं. जाताना आपली थापी त्यांच्या हातात दिली. बाबांनी तिचं टोक चाचपलं आणि मोठ्याने हसले. गवंड्याचीच थापी की! इतकी शिकलेली माणसं आणि हत्यार आमचंच, हे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

नंतर मी वाचलं की हे त्या बाईंपुरतं नव्हतं. हॉडरसर, तुम्ही १९९३ मध्ये काम हाती घेतलंत तेव्हापासून अर्थ लावायचं काम खड्ड्यातच, हातात थापी असतानाच सुरू होतं, असं म्हणत आलात. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांना खड्ड्याशी बोलावलंत, खोदणाऱ्यांच्या रोजच्या डायऱ्या, शंकांसकट, सगळ्यांना वाचायला खुल्या केल्यात, शेजारच्या गावातल्या बायांना नुसत्या मजूर मानलं नाहीत. तुमच्या आधी १९६१ ते ६५ मध्ये चार हंगामांत जेम्स मेलार्ट यांनी घरांमागून घरं भराभर उपसली. जग थक्क झालं, ते श्रेय त्यांचंच. पण त्यांनी पुढे छापलेली काही भित्तिचित्रं कुणीच पाहिलेली नव्हती, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये, त्यांच्या घरात बनावट चित्रांचे कच्चे आराखडे सापडले. हुशारी कमी नव्हती त्यांच्याकडे. एखाद्या गवंड्याला विचारून पाहायची सवय असती तर, असं मला उगाच वाटतं. गवंड्याला फसवणं अवघड.

असो. पत्र लिहायचं आणखी एक कारण आहे, आणि ते आभाराचं नाही, दुरुस्तीचं आहे.

शेवटच्या दोन हातांबद्दल बाबा "घाईत दिलेत" असं म्हणाले होते. मी इंग्रजीत 'निष्काळजीपणे' असं सांगून बसले, आणि बाईंनी तेच लिहून घेतलं. परतीच्या बसमध्ये बाबांना हे सांगितलं तर ते चिडले. "निष्काळजी कुठं म्हणालो मी? हात चांगला होता. घाई होती. चुलीवर काहीतरी ठेवलं असेल बाईनं." ती वही ज्यांच्याकडे असेल, त्यांनी कृपा करून तेवढा शब्द बदलावा.

आपली,
एका गवंड्याची मुलगी