मनूच्या ताटाविषयी

लंडन, ३ सप्टेंबर

प्रिय ताई,

काल फोनवर तू म्हणालीस, "वजन तर अगदी बरोबर आहे, मग आजार कसला?" तुझ्या शेजारी मनू होती, म्हणून तेव्हा बोलले नाही. बुलिमिया या खाण्याच्या आजारात बहुतेकांचं वजन बरोबरच असतं, कधी थोडं जास्तही. म्हणूनच तो घरात वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याला बुलिमिया नर्व्होसा हे नाव इथल्याच रॉयल फ्री हॉस्पिटलच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बैलाची भूक. आपल्याकडे कुणी 'भस्म्या झालाय' म्हणेल, पण ताई, हा हावरटपणा नाही. सुरुवात बहुतेक वेळा न खाण्यातून होते. जाड होण्याच्या भीतीने नाश्ता टळतो, भात-पोळी बंद होते, आणि उपाशी शरीर संध्याकाळी सूड उगवतं. तास-दोन तासांत एरवीपेक्षा कितीतरी जास्त खाल्लं जातं आणि हात थांबवता येत नाही. मग घाबरून उलटी, जुलाबाच्या गोळ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास. त्या उपासातून खाण्याचा पुढचा झटका येतो. असं आठवड्यातून एकदा, तीन महिने घडत असेल तर डॉक्टर निदान करतात. तुम्ही मात्र तीन महिने मोजत बसू नका.

गोळ्यांबद्दल मनूला एवढं सांग: त्या मोठ्या आतड्यावर काम करतात आणि अन्नातलं पोषण त्याआधीच अंगी लागलेलं असतं. जातं ते पाणी आणि क्षार. काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते.

खरा धोका रक्तात आहे. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. ते घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून याच आठवड्यात फॅमिली डॉक्टरांना स्पष्ट सांगून सोडियम, पोटॅशियम, किडनीची तपासणी आणि ईसीजी करून घ्या. रिपोर्ट चांगला आला तरी आजार नाही असं समजू नका. बेशुद्धी, छातीत धडधड किंवा दुखणं, अंगात एकदम अशक्तपणा, उलटीत रक्त, यातलं काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठा.

दातांच्या डॉक्टरांनी वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजल्याचं सांगितलं, ते पोटातल्या आम्लामुळे. उलटी झालीच तर लगेच ब्रश नको, नरम झालेलं आवरण घासून जातं. साध्या पाण्याने चूळ भरायची. कानाखालची गालगुंडासारखी सूज लाळग्रंथींची असते. तिच्यावरून चिडवू नका.

उपचारांत सगळ्यात भक्कम आधार बोलण्याच्या उपचाराचा, सीबीटीचा. मोठ्या माणसांना साधारण २० आठवड्यांत २० सत्रं लागतात. मानसोपचारतज्ज्ञ जोडीला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध देतील, बहुधा ६० मिलिग्रॅमपर्यंत नेतील. नैराश्याला सुरुवातीला २० देतात, म्हणून आकडा पाहून दचकू नका. बुप्रोपिऑन नावाचं औषध या आजारात देत नाहीत, त्याने फिट येऊ शकते. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरकडे उलट्या लपवू नका.

आता स्वयंपाकघर, तुझ्या हातातलं. तीन जेवणं, मध्ये दोन खाणी, चार तासांहून मोठी फट नाही. सकाळी आठला पोहे, अकराला केळं आणि मूठभर शेंगदाणे, दीडला पोळी-भाजी-वरण-भात, पाचला चहाबरोबर काहीतरी, साडेआठला जेवण. झटका आला तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही. सगळी घडी इथेच मोडते: "आत्ताच एवढं खाल्लं, रात्री नको." ते 'नको' म्हणजेच पुढचा झटका. पहिले काही आठवडे पोट फुगेल, घोट्यांना सूज येईल, कारण शरीर पाणी धरून ठेवतं. हे ओसरतं, पण आधी सांगितलं नसेल तर मुली घाबरून इथेच सोडून देतात. सूज वाढत गेली तर डॉक्टरांना दाखव.

डब्यांना कुलूप नको, बाथरूमच्या दाराशी पहारा नको. जेवल्यावर तासभर तिच्यासोबत बस, पत्ते खेळा, गप्पा मारा. भावोजींना सांग, ताटावर आणि अंगावर शेरा नको, "बारीक झालीस" हे कौतुकसुद्धा नको.

आणि नवरात्र येतंय. मनूला नऊ दिवसांचे उपास नकोत, एक दिवसाचाही नको. आई कुरकुर करेल. तिला सांग, आजारी माणसाला उपास माफ असतो हे तिनेच आपल्याला शिकवलंय.

मनू कधी "जगावंसं वाटत नाही" म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर लावून ठेव. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

पोटॅशियमचा आकडा आला की रात्र असली तरी कळव.

तुझी,
छोटी